शेवटचं पॅनेल मापात बसवताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. अमळनेरला बोरी नदीच्या अंगाला तुमचा प्लॉट, जमीन काळी. बागेसाठी तुम्ही पाइनची तयार पॅनेल घेतली, ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. एका बाजूला नऊ पॅनेल बसली. कोपऱ्याच्या खांबापर्यंत दहाव्याला जागा उरली ती वर ३ फूट ९ इंच आणि खाली ३ फूट ८ इंच २ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तिथेच जमीन उतरते, त्यामुळे पॅनेलखाली एका टोकाला ३ इंच आणि कोपऱ्याकडे ८ इंच मोकळं दिसतं, आणि तिथून कुत्री-डुकरं आत येतात. मिस्तरी म्हणतात, खूण करू, करवत मारू, उरलेलं फेकून देऊ. तुम्हाला ते पटत नाही. शिवाय ४० फुटांची दुसरी बाजू अजून सुरू व्हायची आहे.

तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. करवत मारावी लागेल, पण ती सगळ्यात शेवटी. माझी तीस वर्षं लाकडात गेली, आणि कुंपणाची जी पॅनेल मी खिळखिळी झालेली पाहिली त्यातली बहुतेक कोणीतरी सरळ रेघ मारून कापलेली होती. तुमच्या फोटोत दिसतं त्याप्रमाणे पॅनेलला दोन्ही टोकांना दोन-दोन इंचांचे उभे आहेत, त्यांच्यामध्ये मागून तीन आडवे, आणि आडव्यांवर पुढून १५ फळ्या ठोकलेल्या. सरळ करवत मारली की एका बाजूचा उभा कापल्या तुकड्याबरोबर निघून जातो. उरतात तीन आडव्यांची लोंबती टोकं आणि त्यांना धरून राहिलेल्या फळ्या. असं पॅनेल खांबाला स्क्रूने आवळलं तरी दोन पावसाळ्यांत मधून झुकतं, कारण त्याला चौकटच राहिलेली नसते.

पण पॅनेलला हात लावायच्या आधी खांब बघा. वरचं माप ४५ इंच आणि खालचं ४४ इंच २ सूत, म्हणजे कोपऱ्याचा खांब वरच्या अंगाला ६ सूत बाहेर कलला आहे. ओळंबा लावून खात्री करा. दोरीला वजन बांधून खांबाच्या दोन लगतच्या बाजूंना धरा, एका बाजूने बघून भागत नाही. तुमचा खांब या हिवाळ्यातच पुरलेला आहे, तेव्हा तो सरळ करणं अजून हातात आहे. ज्या बाजूला तो कलला आहे त्याच्या उलट बाजूची माती दीड फूट खोल उकरा, खांब दोरीने ओढून ओळंब्यात आणा, दोन ठेपे द्या, आणि खड्ड्यात निघालेली काळी माती परत न भरता मुरूम भरा. एकदम भरू नका. चार-चार इंचांचा थर टाकायचा, थोडं पाणी शिंपडायचं, पहारीच्या बुडाने ठासायचं. आठ दिवस ठेपे काढू नका.

पुष्कळ लोक खांब तसाच ठेवून पॅनेलच तिरकं कापतात. बसतं ते, पण नजर फसत नाही. नऊ पॅनेल ताठ आणि दहावं तिरकं, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं.

खांब सरळ झाला की जागेचं माप पुन्हा घ्या, वर, मध्ये आणि खाली. तिन्ही ठिकाणी ४४ इंच २ सूत यायला हवं, कारण बुडाशी खांब हलणार नाही, फक्त डोकं आत येईल. तिन्हींत सगळ्यात कमी जे माप येईल ते धरायचं आणि त्यातून अर्धा इंच वजा करायचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत मोकळे. म्हणजे तुमचं पॅनेल बाहेरून बाहेर ४३ इंच ६ सूत.

या दोन सुतांवरून गिऱ्हाइकं माझ्याशी वाद घालतात. फट दिसते, घट्ट का नाही बसवलं, म्हणतात. मी काम सुरू करून चार वर्षं झाली असतील तेव्हा चोपड्याच्या बाजूला एका शेतातल्या घराला भर मे महिन्यात कुंपण केलं होतं. फळीला फळी भिडवली, पॅनेल खांबाला भिडवलं, सुईलाही जागा ठेवली नाही. मालक खूश होते. श्रावणात त्यांचा निरोप आला म्हणून गेलो तर पाच पॅनेल पोट फुगल्यासारखी बाहेर आलेली, दोघांचे स्क्रू लाकूड फाडून निघालेले. ते सगळं मी माझ्या पैशाने पुन्हा करून दिलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवेत ओल म्हणून राहत नाही, लाकूड पापडासारखं सुकतं. तेच लाकूड ऑगस्टमध्ये पाणी पिऊन रुंदावतं. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. सहा इंची पाइनची फळी उन्हाळा ते पावसाळा साधारण एक सूत खेळते. अशा दहा-बारा फळ्या एकमेकींना रेटू लागल्या तर सव्वा-दीड इंचाला जागा कुठून आणणार? तुमच्या पॅनेलमध्ये फळ्यांत अर्धा-अर्धा इंच मोकळा आहे तो त्यासाठीच. तो भरू नका.

आता कापायचा हिशेब. दोन्ही उभ्यांचे मिळून ४ इंच जातात, म्हणजे आतली जागा ३९ इंच ६ सूत. मूळ पॅनेलमध्ये आतली जागा ६८ इंच होती, तिच्यात ४ इंची १५ फळ्या आणि अर्ध्या इंचाच्या १६ फटी. नव्या जागेत ८ पूर्ण फळ्या बसतील आणि नववी २ इंच ६ सुतांची चिरून घालावी लागेल. करून बघा: आठ चोक ३२, अधिक २ इंच ६ सूत, अधिक दहा फटींचे ५ इंच, बरोबर ३९ इंच ६ सूत. पावणेतीन इंची फळी डोळ्यांत खुपत नाही, ती कोपऱ्याच्या खांबाकडे ठेवा.

हा हिशेब कागदावर आधी करायचा कारण कधीकधी शेवटची फळी इंच-सव्वा इंचाची निघते. एवढी अरुंद चिंधी उन्हात वाकते, खिळा मारताना चिरते, आणि दिसतेही वाईट. माझा नियम असा: शेवटची फळी अर्ध्याहून कमी रुंदीची येत असेल तर तिचं आणि शेजारच्या पूर्ण फळीचं माप एकत्र करायचं, त्याचे दोन सारखे भाग करायचे आणि एक या टोकाला, एक त्या टोकाला लावायचा. तुमच्या दुसऱ्या बाजूला नेमकं हेच होणार आहे, ते पुढे सांगतो.

पॅनेल सपाट जागी, दोन विटांच्या थरांवर किंवा सुताराच्या लाकडी घोड्यांवर पालथं ठेवा, आडवे वर येतील असं. जो उभा राहणार आहे त्याच्या बाहेरच्या कडेपासून तिन्ही आडव्यांवर ४१ इंच ६ सुतांवर खूण करा. गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावूनच रेघ मारा, आणि ती आडव्याच्या दोन बाजूंना फिरवा, म्हणजे करवत तिरकी जात असेल तर लगेच कळतं. खुणेच्या पलीकडचा उभा आता सोडवायचा. हातोडीच्या मागच्या फाट्याने हिसके मारून खिळे उपटलेत तर पाइनचा आडवा टोकाला चिरतोच. त्यापेक्षा उभा आणि आडवा यांच्या सांध्यात लोखंड कापायचं हॅक्सॉ ब्लेड घाला, एका टोकाला कापड गुंडाळून हातात धरा, आणि खिळा मधूनच कापून टाका. प्रत्येक सांध्याला पाच मिनिटं लागतात, पण उभा अंगाला ओरखडा न उठता सुटतो. तोच उभा पुन्हा वापरायचा आहे.

नंतर नवव्या फळीपासून पंधराव्यापर्यंतच्या फळ्या सोडवा. त्यासाठी मागून, खिळ्याच्या जवळ लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. फळी आडव्यापासून दोन सूत सुटली की तिला परत आडव्यावर दाबा, खिळ्यांची डोकी बाहेर राहतात, मग ती पक्कडीने निघतात. आठ फळ्या जागेवरच राहू द्या, त्याच चौकट काटकोनात धरून ठेवतात. तरीही मी एक तिरपी पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तात्पुरती स्क्रूने मारून ठेवतो.

आता करवत. तीनच आडवे कापायचे आहेत, प्रत्येक दीड बाय दोन इंचांचा. याला मशीन लागत नाही. बारीक दात्यांची हातकरवत घ्या, रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवा, म्हणजे रेघ लाकडावर राहते आणि करवतीने खाल्लेली जागा मापातून जात नाही. शेवटचे चार ओढे अगदी हलक्या हाताने आणि सुटणारं टोक दुसऱ्या हाताने धरून, नाहीतर खालचा पापुद्रा फाटतो. नववी फळी लांबीत चिरायची आहे ती मात्र गावातल्या वखारीत आरा मशीनवर नेऊन चिरून आणा, मिनिटाचं काम आहे.

मिस्तरींना एक आवर्जून सांगा. टाइल कापायच्या चार इंची मशीनला लाकडाचं दातेरी पातं लावून पॅनेल कापायची पद्धत सगळीकडे पडली आहे. पातं मोठं बसावं म्हणून वरचं झाकणही काढून टाकतात. ती मशीन दगडासाठी आहे. लाकडात पातं अडकलं की ती उलट उसळते, आणि झाकण नसलेलं पातं सरळ मांडीवर किंवा मनगटावर येतं. माझ्या ओळखीच्या एका कारागिराची दोन बोटं अशीच गेली. घाई असली तर लाकडाची गोल करवत भाड्याने मिळते, तिला झाकण असतं आणि खोली ठरवता येते. पातं लाकडाच्या जाडीपेक्षा दोन सूतच खाली निघेल एवढं ठेवा. ती करवत वरच्या बाजूचे तंतू उपटते, म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची. हातकरवतीचं नेमकं उलट आहे.

कापून झालं की सोडवलेला उभा नव्या जागी लावायचा. मोठ्या खिळ्याने तो पुन्हा ठोकू नका. आडव्याच्या कापल्या टोकात शिरलेला खिळा किंवा स्क्रू तंतूंच्या दिशेनेच जातो, त्यामुळे त्याची पकड बरीच कमी होते. प्रत्येक सांध्याला आधी बारीक ड्रिलने भोक पाडून साडेतीन इंची स्क्रू उभ्यातून आडव्यात घाला, आणि आडव्याच्या खाली, उभ्याला लागून दीड इंची चौरस, तीन इंच लांब असा लाकडाचा गुटका बसवा. गुटक्यातून दोन स्क्रू उभ्यात, दोन आडव्यात. कापलेल्या आडव्यांचे तुकडे उरले आहेतच, गुटके त्यातूनच निघतात. ओझं आता गुटक्यावर येतं. आवळायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा. तुमच्या मापात ते साधारण ६५ इंच येतील, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की दोन्ही सारखे यायला हवेत. एक सुताचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलका ठोका द्या.

स्क्रू गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या. साधा काळा स्क्रू एका पावसात गंजाची रेघ ओढतो. कोणी बाभळीच्या फळ्या वापरत असेल तर तिथे आणखी वाईट होतं, बाभळीच्या तुरट लाकडात लोखंड शाईसारखा काळा डाग पाडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझे वडील फळी कापली की कापल्या टोकावर अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "हाई लाकूडनं तोंड शे. पानी आठेनच पेस." हे लाकडाचं तोंड, पाणी इथूनच पितं. झाडात मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्या असतात, आणि आडवं कापलं की त्या सगळ्या नळ्या उघड्या होतात. फळीच्या अंगावरून पाणी ओघळून जातं, तोंडातून ते आत शिरतं. तुमची पॅनेल हिरवट झाक असलेल्या, रसायन मुरवलेल्या पाइनची आहेत. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं हे रसायन १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन या आपल्या शास्त्रज्ञाने शोधलं आणि पुढे जगभर वापरलं गेलं. ते दाबाखाली लाकडात मुरवतात, पण गाभ्यापर्यंत ते पोहोचेलच असं नाही. तुम्ही कापता तेव्हा हिरवट कडेच्या आत फिकट पिवळा गाभा दिसतो की नाही बघा. दिसला तर तो भाग बिनऔषधाचा आहे, आणि वाळवीला, आपल्या उधईला, तो नेमका सापडतो.

म्हणून कापल्या प्रत्येक तोंडाला आणि चिरलेल्या फळीच्या कडेला त्याच दिवशी लाकूड टिकवायचं औषध लावा. रंगाच्या दुकानात लाकडासाठीचं वाळवी आणि बुरशी दोन्हींवर चालणारं औषध मागा. एका वाटीत ओतून आडव्याचं टोक त्यात पाच-दहा मिनिटं उभं करा, नुसत्या ब्रशपेक्षा ते बरंच आत जातं. जिथे बुडवता येत नाही तिथे ब्रशने तीन हात, पहिला हात ओला असतानाच दुसरा. भोकं पाडलीत त्यांतही ब्रशचं टोक फिरवा. हे उभा परत बसवायच्या आधी करायचं, नंतर तोंड झाकलं जातं आणि ब्रश पोहोचत नाही.

इंजिनचं काळं तेल लावायची आपल्याकडे रीत आहे, ट्रॅक्टरचं तेल बदललं की ते कुंपणाला. मी बागेच्या कुंपणाला ते लावत नाही. ते लाकूड टिकवायचं औषध नव्हे, आणि पावसात धुपून तुमच्या मेथी-पालकाच्या वाफ्यात जातं. जवसाचं तेल चांगलं, पण एकटं नको, त्यावर बुरशी धरते. आधी औषध, ते वाळल्यावर वरून तेल. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नका. ते तेल वाळताना आतून तापतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच जपायला हवं. चिंधी तारेवर पसरून वाळवा आणि मगच टाका.

मुरवलेल्या लाकडाचे तुकडे आणि भुसा जाळूही नका. पाणी तापवायच्या बंबात नको, चुलीत नको, आणि हिवाळ्यात भरताची वांगी भाजायला तर मुळीच नको. त्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असतं. कापताना नाकातोंडाला मास्क बांधा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि भुसा गोळा करायला खाली जुनं प्लास्टिक अंथरा. तो शेणखतात जाऊ देऊ नका.

पॅनेल तयार झालं. बसवताना दोन माणसं लागतात. खांबांवर आधी एल आकाराच्या क्लिपा लावून घ्या, प्रत्येक खांबाला दोन, खालच्या दोन क्लिपांवर पॅनेलचं वजन येईल अशा. दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांच्या लाकडी पाचरी घाला, वरून पाणसळ, म्हणजे पातळी बघायची पट्टी, ठेवा, नवव्या पॅनेलच्या डोक्याशी ओळ जुळवा, मग स्क्रू. पाचरी काढून घ्या. क्लिपांवर बसवलेलं पॅनेल दोन-तीन वर्षांनी तेल लावायला दहा मिनिटांत उतरवता येतं. खांबात सरळ खिळे मारलेत तर प्रत्येक वेळी फाडावं लागेल.

खालच्या फटीचं काय? फळ्या लांबवून मातीला टेकवू नका. आधी मीही उतारावर तसंच करायचो, ठोकळ्यावर पेन्सिल धरून जमिनीची रेघ फळ्यांवर उतरवायची आणि तिच्याप्रमाणे कापायच्या. दिसतं फार सुंदर. पण काळ्या मातीला टेकलेलं लाकूड म्हणजे उधईला शिडीच, आणि खालची तोंडं पुन्हा ओल पितात. पॅनेल जमिनीपासून किमान दोन इंच वर राहू द्या आणि खाली शहाबादी फरशीची पट्टी उभी गाडा. दहाव्या पॅनेलच्या जागेपुरती फूटभर रुंद, साधारण पावणेचार फूट लांब पट्टी फरशीवाल्याकडून कापून घ्या. डोकं पाणसळीत ठेवा, पॅनेलच्या बुडाखाली अर्धा इंच सोडून. वरच्या टोकाला ती अडीच इंच दिसेल आणि साडेनऊ इंच जमिनीत जाईल, कोपऱ्याकडे साडेसात इंच दिसेल आणि साडेचार इंच जमिनीत. फरशी तिरकी कापायची गरज नाही, उतार जमिनीच्या पोटात जातो. दोन्ही बाजूंनी मुरूम ठासा. डुकराने नाक खुपसलं तरी ती हलत नाही, आणि उधईची मातीची नळी दगडावरून चढू लागली तर लगेच दिसते. तेवढी पुसून टाकायची.

आता ४० फुटांची दुसरी बाजू. एकच खड्डा खणायच्या आधी दोरी ताणा आणि कागदावर मांडा. ४० फूट म्हणजे ४८० इंच. खांब ४ इंची, पूर्ण पॅनेलला जागा ६ फूट अर्धा इंच. एका टोकापासून पूर्ण पॅनेल लावत गेलात तर सहा बसतील आणि शेवटी १३ इंचांचा तुकडा उरेल. फूटभर रुंदीचं पॅनेल हे कसलंच पॅनेल नाही. दोन मार्ग आहेत. सातही जागा सारख्या करायच्या, मग प्रत्येक जागा ६४ इंचांची येते आणि सातही पॅनेल कापावी लागतात. किंवा मधली पाच पूर्ण ठेवायची आणि दोन्ही टोकांच्या जागा ४२ इंच ६ सुतांच्या करायच्या, म्हणजे दोनच पॅनेल कापायची. मी दुसरा मार्ग घेतो. प्रत्येक कापलेलं पॅनेल म्हणजे उघडी झालेली नवी तोंडं, कापायची जितकी कमी तितकं बरं. आणि दोन्ही टोकं सारखी असली की ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

टोकाचं पॅनेल बाहेरून ४२ इंच २ सूत होईल, आतली जागा ३८ इंच २ सूत. इथे आठ फळ्यांनंतर नववी अवघी सव्वा इंचाची निघते. म्हणून मघाचा नियम: सव्वा आणि चार मिळून सव्वापाच, त्याचे दोन भाग २ इंच ५ सुतांचे. मध्ये सात पूर्ण फळ्या, दोन्ही टोकांना एकेक अरुंद.

या बाजूचे खांब आत्ता उन्हाळ्यात पुरू नका. काळी जमीन आत्ता भेगाळलेली आहे, पहिल्या पावसात फुगेल आणि खांबाला ढकलेल. कोपऱ्याचा खांब तसाच कलला असणार, फक्त उलट रीतीने, ओल्या मातीत पुरला आणि ती सुकताना सुटली. दिवाळीनंतर, जमीन ना चिखल ना भेग अशी असते तेव्हा खणा. खड्डा अडीच फूट खोल, वर फूटभर रुंद आणि तळाला थोडा जास्त. पुष्कळ जण उलट करतात, वर काँक्रीटची छत्री पसरवतात. फुगणारी माती त्या छत्रीला खालून धरून वर उचलते आणि खांब दरवर्षी थोडाथोडा बाहेर येतो. काँक्रीटचा तळ रुंद, कडा सरळ, आणि डोकं जमिनीपेक्षा दोन इंच वर काढून चारी बाजूंना ढाळ दिलेलं.

लाकूडही काँक्रीटमध्ये गाडू नका. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड लोखंडी पट्ट्यांच्या जोड्या करून घ्या, काँक्रीटमध्ये त्या गाडा, आणि खांब त्यांच्यात धरून दोन अर्ध्या इंची बोल्टने आवळा. खांबाचं बूड काँक्रीटच्या दोन इंच वर राहील. पावसाचं पाणी खालून निघून जातं, आणि खांबाच्या बुडाचं तोंडही कोरडं राहतं. खर्च वाढतो हे खरं, पण काळ्या जमिनीत लाकडाचा खांब कुजतो तो नेहमी जमिनीच्या पातळीवरच, आणि तो बदलायचा म्हणजे दोन पॅनेल उतरवणं आलं.

कमी पडलेली पॅनेल नवीन घेणार असाल तर मालाच्या खोक्यांच्या पाइनची घेऊ नका. त्यांवर एचटी असा शिक्का असतो आणि दुकानदार तो औषध मारलेलं लाकूड म्हणून दाखवतात. त्या शिक्क्याचा अर्थ लाकूड तापवून त्यातले किडे मारले एवढाच. उद्या येणाऱ्या उधईला त्याचं काही नाही.

कुंपणावर हिरवी शेडनेट किंवा जुनं फ्लेक्स बांधायचा विचार असेल तर तो सोडा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेभोवती शेवरीच्या झाडांची दाट रांग लावतात, भिंत बांधत नाहीत, कारण शेवरी वारा गाळते. फळ्यांतली अर्ध्या इंचाची फट तेच करते. ती झाकली की मे-जूनच्या वादळात प्रत्येक पॅनेल शीड होतं आणि सगळा जोर खांबाच्या बुडावर येतो.

दहाव्या पॅनेलमधून तुमच्याकडे सहा अख्ख्या फळ्या उरतील. त्या फेकू नका, टोकांना औषध लावून सावलीत आडव्या रचून ठेवा, एखादी फळी फुटली तर त्याच रंगाची, त्याच जाडीची दुसरी मिळत नाही. आणि खांब ओळंब्यात आणल्यावर वरचं, मधलं आणि खालचं अशी तिन्ही मापं मला आधी कळवा. ४४ इंच २ सुतांऐवजी काही वेगळं आलं तर नववी फळी बदलेल, तो हिशेब मी करून पाठवतो, तोवर मिस्तरींना करवत काढू देऊ नका.